अण्णाची खिडकी

आमच्या छापखान्यात उजेडाची खिडकी एकच होती. बाकीच्या दोन बोळात उघडत, आणि बोळात शेजारच्या खानावळीची चूल असल्यामुळे त्या उघडल्या काय आणि मिटल्या काय, सारखंच. तिसरी मात्र रस्त्यावर होती. बेळगावात आभाळ एकदा खाली उतरून बसलं की दिवसचे दिवस हलत नाही, भर दुपारी आम्ही कंदील लावून काम करायचो, पण त्या खिडकीत बसणाऱ्याला कंदील लागत नसे. तिच्याखाली दोन केसी मांडलेल्या होत्या. केस म्हणजे खिळे ठेवायची लाकडी मांडणी, प्रत्येक अक्षराला वेगळं घर. शिशाचा खिळा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. उजव्या हाताने खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये, ओळीने बसवायचा, ओळ भरली की पुढची. हे करणाऱ्याला आम्ही जुळारी म्हणत असू. खिडकीतल्या दोन केसींपैकी एक मराठीची होती आणि एक कानडीची, आणि तिथे बसणारा जुळारी म्हणजे छापखान्याचा पहिला माणूस. मी जुळारी होतो, आणि मला ती खिडकी हवी होती.

हवी होती म्हणजे ती माझी होती असंच मी धरून चाललो होतो. तिथे बसणारे म्हातारे जुळारी थकले होते, त्यांच्यानंतर सगळ्यांत जुना मीच. उचगावहून सायकल मारत येणारा आणि एकही खाडा न करणारा मीच. बायकोला मी सांगूनही टाकलं होतं. तिने शेजारणींना सांगितलं. म्हातारे घरी बसले, आणि दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच आलो तर खिडकीत एक पोरगेलासा माणूस खिळ्यांवरची धूळ फुंकत उभा होता.

तो निपाणीकडच्या एका गावचा. जैन शेतकऱ्याचा मुलगा, घरात कानडी, गल्लीत मराठी, शाळेत दोन्ही. मालकांनी त्याची ओळख करून दिली, "कानडीबी येतं, मराठीबी येतं. आता कानडी तपासायला बाहेरच्याला मस्का लावायला नको." मला कानडी बोलता येत होतं, माझ्या बायकोचं माहेरच चिकोडीकडचं. पण वाचता येत नव्हतं. कानडी अक्षर म्हणजे मला तेव्हा नुसती वेटोळी दिसत. त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं, आणि तक्रार करता येत नसली की माणूस जास्तच जळतो.

सगळे त्याला अण्णा म्हणू लागले. माझ्यापेक्षा वयाने लहान, मिशी अजून धड फुटलेली नाही, आणि अण्णा! मालक अण्णा म्हणत, मशीन चालवणारे अण्णा म्हणत, पत्रिका छापायला येणारे वधूपितेही आत शिरताच, "अण्णा हाईत का?" असं विचारत. मी कधी म्हटलं नाही. 'अहो', 'ऐका की', असं करून भागवत असे. तो मात्र मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणे, आणि तेही इतक्या सरळपणे की त्याचाही राग यायचा.

त्याच्यात खोट काढायला मी पुष्कळ धडपडलो. कपडे स्वच्छ. आवाज चढत नसे. घरी तंबाखूची शेती, पण चिमूटभरही तोंडात धरत नसे. आमच्यातला जो तो काळ्या हातानेच चुना-तंबाखू मळायचा, तेव्हा हा हसून बाजूला व्हायचा. तोंडात धरायचा ते खिळे.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडची बरीचशी कामं दुभाषी असत. लग्नपत्रिका, तंबाखूच्या पुड्यांवरचे कागद, यात्रेची पत्रकं, डावीकडे मराठी आणि उजवीकडे कानडी, एकाच ओळीत. मराठी अर्धी ओळ जुळवायची, मग बाजूला वळून कानडीच्या केसीत हात घालायचा, परत वळायचं. म्हाताऱ्या जुळाऱ्यांचा निम्मा दिवस वळण्यातच जाई. शिवाय कानडीत जोडाक्षराचा एक भाग अक्षराच्या पायाशी बसतो. त्याचे खिळे इतके बारीक की खाली ठेवले तर हरवतात. अण्णाने त्यावर तोड काढली होती. पुढच्या ओळींना लागणारे ते बारीक कानडी खिळे तो आधीच उचलून ओठांत धरायचा. क्रमाने. डाव्या कोपऱ्यातला आधी, उजव्यातला शेवटी. मराठी अर्धी ओळ झाली की ओठांतून एकेक काढून बसवत जायचा, न वळता. शिंपी टाचण्या धरतो ना, तसं. वधूपिते पत्रिका सांगायची विसरून बघत उभे राहत. मालक मुद्दाम गिऱ्हाइकांना खिडकीपाशी नेत आणि म्हणत, "बघा, आमचा माणूस तोंडानं कानडी जुळवतोय."

मी म्हणायचो, "थुंकी लागती पत्रिकेला, देवाधर्माचं काम हाय." कुणी ऐकत नसे.

आणि गूळ. छापखान्यात पूर्वीपासून चाल होती की दुपारी मालकांनी आपल्या हाताने प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा. शिसं वाईट, पोटात जातं, हे काही आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण गूळ खाल्ला की शिसं बाधत नाही, खाली उतरून जातं, अशी सगळ्यांची खात्री होती. माझ्या आधीच्यांची होती, त्यांच्या आधीच्यांचीही असणार. म्हणून गुळाच्या भरवशावर कुणी हात धूत नसे. धोतराला पुसले की झालं. काळी बोटं, त्यांत पिवळा खडा, तो चोखत पुन्हा कामाला. मालक ढेप फोडून फिरायला लागले की मला लहान पोरासारखी आशा लागे. माझ्या हातावर एक खडा यायचा. अण्णाच्या हातावर दोन. "दोन भाषांचे दोन," मालक म्हणत आणि सगळे हसत. मीही हसायचो. तो दुसरा खडा माझ्या डोळ्यांत किती खुपायचा ते माझं मला ठाऊक. गुळाची मला आवड नाही, घरी मी चहाशिवाय गुळाला हात लावत नाही, तरी खुपायचा. अण्णा तोंडात खिळे असले तर खडा गालात सरकवून ठेवायचा, एका बाजूला गूळ आणि एका बाजूला शिसं. विचारलं तर म्हणे, "गूळ हाय की दादा सोबत. काय होतंय?"

घरी मी बोलत राहायचो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, तुमी ताटावर बसलाय का त्या अण्णाच्या खिडकीत बसलाय? जेवा की."

"तुला काय कळतंय? माझी जागा हाय ती."

"मग कानडी शिका."

तिने ते चेष्टेने म्हटलं होतं. मी खरंच शिकलो. तिच्या भावाचं जुनं कानडी पहिलीचं पुस्तक तिने माहेरून आणून दिलं, ते घेऊन मी सकाळी गोठ्यात बसायचो. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायचो. सायकलीवरून वाचता वाचता एकदा बैलगाडीत जाऊन आदळलो. कुणाला सांगितलं नाही. वर्ष, दीड वर्ष गेलं असेल, वेटोळ्यांची अक्षरं झाली. आता फक्त खिडकी मोकळी व्हायला हवी होती.

मग अण्णाचं पोट दुखायला लागलं. कामावरच. स्टिक खाली ठेवून तो दोन्ही हातांनी पोट दाबून केसीखाली बसायचा, तोंड कोऱ्या कागदासारखं. थोड्या वेळाने उठून पुन्हा काम. अन्न जाईना, परसाकडं होईना. एरंडेल झालं, ओवा झाला, दृष्टसुद्धा काढून झाली. शेवटी मालकांनी डॉक्टर आणवले. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा मला "घरी जा, पांघरूण घेऊन पड," एवढंच ऐकायला मिळालं होतं. याच्यासाठी टांगा पाठवून डॉक्टर! त्याच्या पोटात दुखत होतं आणि माझ्याही पोटात दुखतच होतं, फरक एवढाच की माझ्यासाठी टांगा नव्हता.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, वयाने तरुण. त्यांनी अण्णाला खिडकीतच उभं केलं, खालचा ओठ बोटाने ओढला आणि बराच वेळ बघत राहिले. मग आम्हा सगळ्यांना बोलावलं. "हे बघा," म्हणाले. अण्णाच्या हिरडीवर, दातांच्या मुळाशी, शाईने ओढल्यासारखी काळी-निळी रेघ होती.

"हे शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "अंगात गेलेलं शिसं लवकर बाहेर पडत नाही. थोडं थोडं साठत राहतं. आज जातं ते आज दिसत नाही. वर्षं जावी लागतात. आधी पोट धरतं, मग हाताच्या शिरा धरतं. मनगट लुळं पडतं. तुम्हा सगळ्यांना तपासायला हवं."

मग आमची तपासणी झाली. एकेकाला खिडकीत उभं करायचे. किती वर्षं काम करता, कुठे जेवता, जेवायच्या आधी हात धुता का, तंबाखू खाता का. ओठ ओढून हिरड्या बघायचे. मग दोन्ही हात पुढे, तळवे खाली, आणि तसंच धरून ठेवायला सांगायचे. मशीनवाल्यांची घाबरगुंडी उडाली होती. माझी पाळी आली तेव्हा मी ताठ उभा राहिलो. वर्षं विचारल्यावर मुद्दाम मोठ्याने सांगितली, म्हणजे मालकांनाही कळावं की अण्णापेक्षा जुना कोण आहे ते.

डॉक्टरांनी माझा ओठ ओढला, सोडला. "स्वच्छ आहे. तुमच्या हिरडीवर काही नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे दादा काम करत न्हाईत म्हणा की!" सगळे हसले. डॉक्टरसुद्धा हसले.

मला ते लागलं. आज कुणाला पटणार नाही, पण मला खरंच लागलं. आयुष्य घातलं मी त्या शिशात, आणि रेघ उमटली ती काल आलेल्या माणसाच्या हिरडीवर. डॉक्टर पुन्हा त्याच्याकडेच वळले, त्याची नाडी, त्याची जीभ, त्याचे डोळे. त्याला रोज दूध द्या म्हणाले. मालकांनी लगेच शेजारच्या खानावळीत दूध सांगितलं. म्हणजे आता दोन खडे गूळ आणि वर एक पेला दूध. त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर ओठ ओढून बघितलं. हिरड्या पिकल्या पेरूच्या आतल्या गरासारख्या गुलाबी होत्या. बायको म्हणाली, "काय, दात काढायचाय का?"

डॉक्टर जाताना मालकांना सांगून गेले होते, हात धुवायला पाणी आणि साबण ठेवा, केसीपाशी कुणी काही खाऊ नका, झाडताना धूळ उडू देऊ नका, खिळे तोंडात धरू नका, आणि गुळाने काहीही होत नाही. मालक चांगले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक बादली ठेवली आणि म्हणाले, "हे सगळं छापून भिंतीला लावू या. दोन्ही भाषांत. अण्णा, मोठ्या खिळ्यांत घ्या."

मला वाटलं, निदान मराठी बाजू तरी मला देतील. नाही दिली. मी माझ्या अंधाऱ्या कोपऱ्यातून बघत होतो. अण्णाने डावीकडे मराठीत जुळवलं: खिळे तोंडात धरू नयेत. आणि उजव्या बाजूच्या कानडीसाठी लागणारे बारीक खिळे त्याच्या ओठांत होते.

मी हे मालकांना दाखवलं. मालकांनी अण्णाला दाखवलं. अण्णाने ओठांतले खिळे काढले, इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाला, "सवयच पडलीया वो. एवढं झालं की बंद करतो." सगळा छापखाना हसला. सूचना छापली, भिंतीला लागली, बरोबर खिडकीच्या वर. साबण पंधरवड्यात संपला आणि पुन्हा आला नाही. गूळ मात्र चालू राहिला, कारण गूळ बंद झाला असता तर लोकांनी काम सोडलं असतं.

अण्णाने बंद केलं नाही. आपल्याकडे गिऱ्हाइकं बघत असताना कोण बंद करील?

त्याचा हात गेला तो दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर, हिवाळ्यात. आधी स्टिकमध्ये खिळा बसवताना बोटं चुकायला लागली. मग एकदा जुळवलेलं पान दोऱ्याने बांधून उचलत होता, तेव्हा उजवं मनगट खाली झुकलं आणि सगळं पान जमिनीवर सांडलं. त्याने हात वर करायचा प्रयत्न केला. कोपर वर येई, मनगट येत नसे, पंजा मोडल्या फांदीसारखा लोंबत राही. तो खाली बसून डाव्या हाताने खिळे गोळा करायला लागला. मीही बसून गोळा केले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खिळे वेचता वेचता माझी नजर दोनदा खिडकीकडे गेली.

त्याचे वडील बैलगाडी घेऊन आले आणि त्याला गावी घेऊन गेले. निघताना तो म्हणाला, "दादा, कानडीच्या घरांत बारीक खिळे मिसळल्यात, जरा बघून घ्या." म्हणजे त्याला ठाऊक होतं, मी कानडी शिकतोय ते. कुणी सांगितलं देव जाणे. मला तेही आवडलं नाही.

खिडकी माझी झाली. मालक म्हणाले, "दादा, तुमाला कानडी येतंय हे आधी बोलला असता तर?" त्या दुपारी माझ्या हातावर दोन खडे आले. मी ते सावकाश खाल्ले, रस्त्यावरची माणसं बघत.

सुख एवढंच. दुसऱ्या महिन्यापासून सुरू झालं, "अण्णा असता तर आतापतोर झालं असतं." "अण्णाला वळायला लागत नव्हतं." एक वधूपिता तर सरळ म्हणाला, "ते तोंडात धरून जुळवायचे ते कुठं गेले? त्यांच्याकडनंच पाहिजे." माणूस गावी जाऊन बसला, आणि इथे रोज माझ्या शेजारी उभा! लढाईमुळे नवे खिळे येत नव्हते, कामं वाढली होती, जुने झिजलेले खिळे दहा वेळा निवडून घ्यावे लागत. मी वळत होतो, पुन्हा वळत होतो, कंबर धरत होती, आणि मालक घड्याळाकडे बघत होते. एक दिवस मी मनाशी म्हटलं, बघू तरी. दोनच खिळे ओठांत धरले. शिशाला गोडसर चव असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

डोक्यावर ती सूचना होती. पण ती अण्णाने जुळवलेली, म्हणून मी तिच्याकडे कधी बघत नसे.

मला जमलं. त्याच्यापेक्षा चांगलं जमलं असं मी आजही म्हणेन. मालक पुन्हा गिऱ्हाइकांना खिडकीपाशी आणू लागले. आणि काही वर्षांनी, एका सकाळी, दात घासताना आरशात ती दिसली. बारीक, निळसर, दाताच्या मुळाशी. मला हसूच आलं. म्हटलं, आली एकदाची. बायकोला दाखवली तर तिने हातातली चरवी खाली ठेवली. "ह्यात हसण्यासारखं काय हाय?" ती म्हणाली. "त्या अण्णाचं सगळं पाहिजेच हाय का तुमास्नी?" पुढे चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि पोटातल्या कळांना ओवा मात्र न चुकता देत राहिली.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात झेंड्याच्या कार्यक्रमाचं पत्रक आमच्याकडे आलं. मोठं, दोन रंगांत, अर्धं मराठी, अर्धं कानडी. ते मी एकट्याने जुळवलं. छापून झाल्यावर मालकांनी ते हातात धरलं आणि पहिल्यांदाच अण्णाचं नाव निघालं नाही. मी एक प्रत घडी करून खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात निपाणीला एका लग्नाच्या बोलणीला जायचं होतं, तिथून अण्णाचं गाव जवळ. त्याला ती प्रत दाखवायची, याचसाठी मी वाट वाकडी केली. भेटायला गेलो असं म्हणणार नाही.

भुरभुर पाऊस होता. शेतात तंबाखूची रोपं लावणं चाललं होतं. बांधावरून एक भरलेला, उन्हाने रापलेला माणूस पाण्याने काठोकाठ भरलेली बादली घेऊन येत होता. ओळख पटायच्या आधी मला त्याचा उजवा हात दिसला. बादली उजव्या हातात होती. मनगट सरळ होतं.

"दादा!" तो ओरडला. "ह्या पावसात?"

ओसरीवर बसल्यावर मी खिशातून पत्रक काढलं, डाव्या हाताने. उजवा मी मांडीवर उपरण्याखाली ठेवला होता. गेले काही महिने तो मी असाच कुठे ना कुठे ठेवत असे. अण्णाने पत्रक उलगडून डावी बाजू वाचली, उजवी वाचली, कानडी अक्षरांच्या पायाशी बोट फिरवलं. "हे बारीकबी तुमीच बसवलंय? लई ब्येस. मलाबी आसं जमत नव्हतं, खरं सांगतो."

किती वर्षं हे ऐकायचं होतं मला! आणि ऐकू आलं तेव्हा माझं लक्षच नव्हतं. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो.

"हात कसा आला?" मी विचारलं.

"घरी बसल्यावर हळूहळू आला. शिसं बंद झालं न्हवं. डॉक्टर म्हणालेच हुते, येळंवर सोडलं तर येतोय. पयल्यांदा तांब्या उचलला तवा आई रडली."

त्याच्या बायकोने ताटलीत गूळ आणि तांब्यात पाणी आणून ठेवलं, पाव्हण्याला देतात तसं. मी डावा हात पुढे केला. आमच्याकडे डाव्या हाताने कुणी गूळ घेत नाही. अण्णाने माझ्याकडे बघितलं, मग उपरण्याकडे.

"दादा, हात पुढं करा. दोनी. पालथे."

मी केले. डावा राहिला. उजव्याचा पंजा खाली झुकला आणि तसाच लोंबत राहिला.

"कवापासनं?"

"हाय जरा. पावसाळ्यात धरतोय."

"तोंडात धरताय?"

मी डाव्या हाताने उपरणं पुन्हा पुढे ओढलं.

"आवं, खिडकीवर पाटी लावलीया न्हवं?"

"तुमी जुळवलेली," मी म्हटलं.

त्याला हसू येईल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. "सोडा ते काम," म्हणाला. "आजच सोडा. आजून येईल हात."

"सोडून काय करू?" माझा आवाज चढला. "तुमचं शेत हाय. माझ्या वाटणीला उचगावात चार खडक आल्यात. मला त्या खिडकीबिगर दुसरं काय हाय?"

मग त्याने गुळाची ताटली उचलून बाजूला ठेवली, तांब्या घेतला आणि ओसरीच्या कडेला उकिडवा बसला. "आधी हात धुवा," म्हणाला. मी दोन्ही हात पुढे धरले, एक सरळ, एक लोंबता. तो पाणी घालत राहिला, उंचावरून, सावकाश, बारीक धारेने. भरलेला तांब्या, आणि त्याचं मनगट एकदाही खाली आलं नाही. खिडकी मिळाली होती मला, कानडी मिळालं होतं, दुसरा खडा मिळाला होता. आता मला ते मनगट हवं होतं, इतकं हवं होतं की डोळे भरून आले आणि त्याला वाटलं मी पश्चात्तापाने रडतोय.

"आजून घालू?" त्याने विचारलं.

"घाला, अण्णा," मी म्हटलं.

रिकामा तांब्या उजव्या हातात धरून तो भरायला आत गेला, आणि मी ओले हात तसेच पुढे धरून त्याच्या त्या हाताकडे बघत बसलो.